‘लागणे’ निघाले जर्मनीला

जनावरांच्या बाजारात बैल विकणारा आणि बैल घेणारा एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. बोलतो तो दलाल. दस्तीखाली, म्हणजे रुमालाखाली, आधी एकाची बोटं दाबायची, मग दुसऱ्याची, मधूनच बैलाच्या पाठीवर थाप मारायची, त्याचा जबडा उघडून दात दाखवायचे, आणि शेवटी असा आकडा काढायचा की दोघांनाही वाटावं, फसलो तर आपणच. देवणी, उदगीर, हाळी-हंडरगुळी या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलंय. दलालाशिवाय सौदा होतच नाही असं नाही. पण मग चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर गाडी अडते.

जर्मन भाषेच्या वर्गातही असाच एक दलाल बसलेला असतो. त्याचं नाव इंग्रजी.

लातूर जिल्ह्याच्या टोकाला, बीदरच्या शेजारी वसलेल्या देवणीचा जर्मनशी संबंध काय, असं कोणी विचारलं तर उत्तर सरकारी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुटेनबर्ग या राज्याशी करार केला. तिकडे काम आहे, माणसं नाहीत. इकडे माणसं आहेत, कामाचं विचारू नका. पहिल्या टप्प्यात १० हजार कुशल माणसं पाठवायची असं ठरलं. त्यात परिचारिका आल्या, इलेक्ट्रिशियन आले, गवंडी, प्लंबर, ड्रायव्हर, स्वयंपाकी सगळे आले. अट एकच, भाषा यायला हवी. भाषा शिकवायचं काम शालेय शिक्षण विभागाच्या गळ्यात पडलं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत ‘ए-वन’, ‘ए-टू’, ‘बी-वन’ असे शब्द ऐकू यायला लागले. बैलाचं वय जसं अदात, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला असं दातांवर मोजतात, तसं माणसाचं जर्मन या पायऱ्यांवर मोजतात. ए-वन म्हणजे अदात.

तर समजा, देवणीचा असा एक अदात पोरगा आहे. आयटीआय झालेला. मामा जनावरांच्या बाजारातला. पोराने वहीत तीन रकाने आखलेत : पहिल्यात मराठी, मधल्यात इंग्रजी, तिसऱ्यात जर्मन. मराठीतून माल उचलायचा, इंग्रजीच्या दस्तीखालून न्यायचा आणि जर्मनच्या दावणीला बांधायचा. दोन दिवस बरे गेले. पाणी, दूध, खिडकी, दार. तिसऱ्या दिवशी मामा घरी आला आणि म्हणाला, “काय करलालास रे? नोकरी लागली का न्हाई?”

पोराने ‘लागणे’ हा शब्द वहीत लिहिला, आणि वहीची पानं संपायला आली.

‘लागणे’ हे मराठीतलं काही साधंसुधं क्रियापद नाही. एका पावसाळी दिवसाचा हिशोब घेतला तरी पुरे. पहाटेपासून झड लागली होती. उठताना उंबऱ्याची ठेच लागली. भूक लागली म्हणून चहात बुडवून भाकरी खाल्ली, ती गोड लागली. उदगीरला जावं लागलं. वाटेत तीन गावं लागली, तिसऱ्या गावाजवळ गाडीत डोळा लागला. शेजारी बसलेला माणूस बोलू लागला तेव्हा कळलं की तो आपला दूरचा मामा लागतो. त्याच्या बोअरला अडीचशे फुटांवर पाणी लागलं होतं, त्याला किती पैसे लागले हे त्याने दोनदा सांगितलं. त्याच्या पोरीचं लग्न लागलं, पोराचा निकाल लागायचाय, पोराला मोबाइलचं वेड लागलंय, म्हशीला नजर लागलीय. गोठ्याला मागच्या उन्हाळ्यात आग लागली होती. उदगीर यायला फार वेळ लागला. उतरताना आपल्या देवणीच्या पोराला दम लागला. आणि त्या दिवशी, बाहेर पाऊस असूनसुद्धा, त्याला घोटभर पाण्याची तहान लागली.

मराठी माणसाला यात काहीच वाटत नाही. श्वास घ्यावा तसं तो ‘लागतो’. संस्कृतातला मूळ धातू ‘लग्’, अर्थ चिकटणे. ‘लग्न’ हा शब्दही त्याच धातूचा; म्हणजे ‘लग्न लागलं’ असं म्हणणारा ‘चिकटलेलं चिकटलं’ असं म्हणत असतो, आणि संसार पाहता त्याला चूक म्हणता येत नाही. जेम्स मोल्सवर्थने १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ साली वाढवून पुन्हा काढला. त्यातली ‘लागणें’ची नोंद बघावी. साहेब एक अर्थ सांगतो, मग दुसरा, मग उदाहरणं, मग पोटअर्थ. पंढरपूरच्या दर्शनबारीसारखी ती नोंद वळणं घेत जाते.

आता तिसरा रकाना. जर्मनमध्ये भूक लागत नाही, भूक ‘असते’ : ‘इश हाबे हुंगर’, माझ्याजवळ भूक आहे. नोकरी लागत नाही, मिळते : ‘बेकोमेन’. वेळ लागत नाही, तो ‘दाउअर्न’ करतो, म्हणजे चालत राहतो. जावं लागलं, याला ‘म्युसेन’. बोलू लागला, याला ‘आनफांगेन’, आणि त्या क्रियापदाचं डोकं वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं नि धड दुसऱ्या जागेवर राहतं. गोड लागलं, याला ‘श्मेकेन’. डोळा लागला, याला ‘आइनश्लाफेन’. निकाल लागत नाही, तो नुसता ‘येऊन बसलेला’ असतो. मामा तर लागतही नाही. तो थेट असतो, आणि असतो तोसुद्धा ‘ओंकेल’ म्हणून, काका आणि आत्याच्या नवऱ्याबरोबर एकाच पोत्यात. जुन्या जर्मनमध्ये मामासाठी ‘ओहाइम’ असा स्वतंत्र, मानाचा शब्द होता. पुढे फ्रेंचांकडून ‘ओंकेल’ आला आणि मामाची मामेगिरी गेली. देवणीच्या मामाला हे सांगितलं तर तो जर्मनीचा करारच मोडायला लावील.

एका ठिकाणी मात्र जर्मनने पोराला चकवलं. पायाला ठेच लागली, याला जर्मन म्हणतो ‘श्टोसेन’. बोअरला पाणी लागलं, यालाही ‘श्टोसेन’. अंगठा दगडावर आदळला काय आणि ड्रिल पाण्यावर आदळलं काय, धडक ती धडक. मराठवाड्यात बोअर घेतलेल्या माणसाला यातलं गणित लगेच कळेल. त्याच्या लेखी दुसरी धडक पहिलीपेक्षा फार महाग असते.

एका शब्दाचे इतके अर्थ, ही काही मराठीची एकटीची खोड नाही. दलालाचं स्वतःचं घर बघा. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ सालच्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ दिले होते. पुढे कोशाची नवी आवृत्ती रचताना संपादकांनी ‘रन’ हाती घेतला आणि २०११ पर्यंत त्याचे ६४५ अर्थ मांडून झाले. पळणे, चालवणे, वाहणे, निवडणुकीला उभं राहणे, नाक गळणे, रंग पसरणे : सगळं ‘रन’.

जर्मनांचं तर याहून निराळंच. ग्रिम बंधूंनी, म्हणजे परीकथा गोळा करणाऱ्या त्याच दोघा भावांनी, १८३८ साली मोठा जर्मन कोश करायचं मनावर घेतलं. पहिला खंड १८५४ साली निघाला. विल्हेल्मने ‘डी’ हे अक्षर हातावेगळं केलं आणि १८५९ साली तो गेला. याकोब १८६३ साली गेला तेव्हा ‘फ्रुख्ट’ या शब्दापर्यंत पोचला होता. फ्रुख्ट म्हणजे फळ. झाडाला फळ लागलं आणि माळी गेला. कोश पुरा व्हायला १९६१ साल उजाडलं. एवढ्या काळात दोन महायुद्धं झाली, देशाचे दोन तुकडे झाले, पण पुढची पिढी पुढचं अक्षर धरून बसलेली. शिस्त शिस्त म्हणतात ती हीच असावी.

पोराच्या वहीत मात्र शिस्तीचा पत्ता नाही, कारण मधल्या रकान्यात दलालाने आपला हुकमी एक्का टाकला होता : ‘गेट’.

मराठीतलं ‘लागणे’ आणि इंग्रजीतलं ‘गेट’ हे एकाच गोठ्यातले वाटावेत इतके दोघे उधळे. नोकरी गेट, राग गेट, घरी गेट, बसमधून गेट, लग्न गेट, पाणी गेट, आणि समजलं का, यालाही गेट. पोराला वाटलं, आता काम फत्ते. ‘लागणे’ला ‘गेट’, ‘गेट’ला एक जर्मन शब्द, मिटला कारभार. जर्मनने सात शब्द पुढे केले. नोकरी ‘बेकोमेन’, राग आला तर ‘वेर्डेन’, घरी पोचलं तर ‘आनकोमेन’, बसमधून उतरलं तर ‘आउसश्टाइगेन’, लग्न ‘हाइराटेन’, पाणी आणायचं तर ‘होलेन’, आणि समजलं तर ‘फेरश्टेएन’. सात वेगळे दरवाजे. मराठीत तरी काय, मिळणे, येणे, पोचणे, उतरणे, होणे, आणणे, समजणे हे सात वेगळेच आहेत. म्हणजे मराठीतून जर्मनमध्ये सरळ गेलं असतं तर सातला सात जुळले असते. मध्ये दलालाने सगळे बैल एका दावणीला बांधले आणि पलीकडे पुन्हा सोडायला लावले.

त्यातलं ‘बेकोमेन’ तर खास सापळा. इंग्रजीतलं ‘बिकम’ आणि हे सख्खे भाऊ दिसतात. आहेतही, पण वाटणी झालेले. ‘बिकम’ म्हणजे होणे, ‘बेकोमेन’ म्हणजे मिळणे. इंग्लंडच्या हॉटेलात बसलेला जर्मन पाहुणा वेटरला विचारतो, “मी मटण कधी होणार?” आणि वेटर अदबीने म्हणतो, “तशी वेळ येऊ नये, साहेब.” हा विनोद युरोपात इतका जुना झालाय की तो आता व्याकरणाच्या तासाला सांगतात.

दुसरा सापळा ‘पुट’. इंग्रज माणूस काहीही कुठेही ‘पुट’ करतो. जर्मन आधी वस्तूची बैठक विचारतो. बाटली टेबलावर उभी राहते, म्हणून ‘श्टेलेन’. वही आडवी पडते, म्हणून ‘लेगेन’. लेकरू खुर्चीवर बसतं, म्हणून ‘झेत्सेन’. किल्ली खिशात शिरते, म्हणून ‘श्टेकेन’. सदरा खुंटीला लोंबतो, म्हणून ‘हेंगेन’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे घाम फुटतो. मराठी माणसाने घाबरायचं कारण नाही. बाटली ठेवतो, वही टाकतो, लेकरू बसवतो, किल्ली खिशात घालतो, सदरा टांगतो. शिवाय पदर खोचतो, खुंटा रोवतो आणि ताट मांडतो. फक्त ताटापाशी जपून. जर्मनाच्या लेखी टेबलावरचं ताट आडवं नसतं, ते ‘उभं’ असतं. असं का, हे वर्गात विचारू नये. तास संपतो, उत्तर संपत नाही.

जर्मनने इतकी ऐट मिरवल्यावर मराठीनेही आपली पेटी उघडायला हरकत नाही. जर्मन माणूस साडी, सदरा, फेटा, अंगठी, चष्मा, दाढी आणि डोक्यावरचं पोतं, सगळं एकाच क्रियापदात बसवतो : ‘ट्रागेन’. झाडाला फळ लागतं तिथेही ‘ट्रागेन’. आपल्याकडे साडी नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात, घोंगडी पांघरतात, गजरा माळतात, कुंकू लावतात, दाढी राखतात आणि पोतं वाहतात. स्टुटगार्टच्या एखाद्या लग्नात देवणीचा पाहुणा ‘तिने साडी वाहिली आणि त्याने फेटा वाहिला’ अशा थाटाचं जर्मन ऐकून आला, तर त्याला ते लग्न हमालवाड्यात झाल्यासारखं वाटेल.

आता जरा उन्हाकडे वळू. एप्रिल-मे महिन्यात लातूर जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि माणूस म्हणतो, “मला गरम होतंय.” दलाल याचं ‘आय अॅम हॉट’ करतो. त्याचं शब्दाला शब्द लावून ‘इश बिन हाइस’ केलं, तर समोरचा जर्मन आधी दचकतो, मग हसतो आणि मग नजर चुकवतो. कारण त्या वाक्याचा हवामानाशी काही संबंध उरत नाही. वर्गात शिकवणारेही इथून जरा घाईनेच पुढे सरकतात. बरोबर वाक्य आहे ‘मीर इस्ट हाइस’. ‘मीर’ म्हणजे मला. मला गरम आहे. थंडी वाजली तर ‘मीर इस्ट काल्ट’, मला थंड आहे. आवडलं तर ‘एस गेफेल्ट मीर’, ते मला आवडतं. इंग्रजीत ‘मी’ तापतो, ‘मी’ गारठतो, ‘मी’ आवडवून घेतो. मराठीत आणि जर्मनमध्ये हे सगळं ‘मला’ होतं. आपण बसलेले असतो, थंडी येऊन वाजते. देवणीच्या पोराच्या तोंडात ही चतुर्थी आईच्या दुधाबरोबर आलेली. दलालाने ती मध्ये काढून घेतली आणि पलीकडे नवा माल म्हणून परत विकली.

अशा बारीकसारीक चोऱ्या मोजायला बसलं तर यादी लांबते. मराठीत तीन लिंगं, जर्मनमध्ये तीन लिंगं, इंग्रजीत शब्दाला लिंगच नाही. मार्क ट्वेनने १८८० साली जर्मन भाषेच्या नावाने लेखभर बोटं मोडली. त्यातली त्याची एक मोठी तक्रार अशी की जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी आणि सलगम स्त्रीलिंगी. ‘ते लेकरू’, ‘ते वासरू’, ‘ते पाखरू’ म्हणत वाढलेल्या माणसाला यात बोंब मारण्यासारखं काही दिसत नाही. लहान जीव नपुंसकलिंगी करायचा, ही रीत दोन्हीकडची. शिवाय जर्मनमध्ये ‘वाइल’, म्हणजे ‘कारण’, आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं. अमेरिकन माणूस तिथे क्रियापदाची वाट बघून म्हातारा होतो. मराठी माणूस जन्मभर क्रियापदाचीच वाट बघत आलेला असतो.

परिचारिका होऊन जाणाऱ्या पोरींसाठी तर ही चोरी पकडणं फार कामाची गोष्ट आहे. पाय बधिर झाला की आपण म्हणतो, मुंग्या आल्या. इंग्रज म्हणतो, टाचण्या आणि सुया. जर्मनमध्ये या दुखण्याला शब्द आहे ‘आमाइझेनलाउफेन’. आमाइझेन म्हणजे मुंग्या, लाउफेन म्हणजे चालणे. देवणीच्या म्हातारीच्या पायाला आलेल्या मुंग्या आणि हायडेलबर्गच्या म्हातारीच्या पायावर चालणाऱ्या मुंग्या एकाच वारुळातल्या. मधल्या रकान्यात मात्र टाचण्या. तसंच ठणकणं, टोचणं, आग होणं; जर्मनमध्ये यांना ‘पोखेन’, ‘श्टेखेन’, ‘ब्रेनेन’ असे ज्याचे त्याचे शब्द आहेत. सगळ्याला ‘पेन’ म्हणून मोकळं व्हायची सवय लागली की दोन्हीकडचे पेशंट बिनऔषधाचे राहतात.

मामाला मात्र या सगळ्यात रस नव्हता. त्याने पोराला विचारलं, “ते असू दे. गाय व्यायली, याला काय म्हणतात?”

इथे पोराचा पाय घसरणार होता, पण जर्मनने सावरलं. बाई बाळंत होते आणि गाय विते, हा भेद आपल्याकडे पक्का. चुकून उलटं बोललं तर भांडण होतं. जर्मन याच्याही पुढे. गाय व्यायली तर ‘कालबेन’, घोडी व्यायली तर ‘फोलेन’, मेंढी व्यायली तर ‘लामेन’, डुकरीण व्यायली तर ‘फेर्केलन’. प्रत्येक गोठ्याला वेगळं क्रियापद. खाण्यातही तेच. माणूस ‘एसेन’ करतो, जनावर ‘फ्रेसेन’ करतं. पोराने पाहुण्यांसमोर ‘मी फ्रेसेन करतो’ म्हटलं तर त्याच्यापुढे ताटाऐवजी कडब्याची पेंढी यायची. मामा खूश झाला. म्हणाला, “म्हंजे जनावराची किंमत हाय त्यांना.”

आहेच. ती देवणीलाही आहे. देवणी जातीची गुरं शे-दीडशे वर्षांहून अधिक काळ या भागात वाढली. गीर, डांगी आणि इथलं गावठी जनावर यांच्या मिश्रणातून ती तयार झाली असं सांगतात. त्यांच्या रंगाचे तीन प्रकार इथला गुराखी लांबून ओळखतो : पांढऱ्या अंगाचा आणि काळ्या तोंडाचा वानेरा, सगळा पांढरा बाळंक्या, आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा शेवरा. त्याच ठिपक्यांचे, पण कानामागून आलेले पाहुणे म्हणजे ‘एचएफ’. दूध डेअरीवर सगळे ‘एचएफ, एचएफ’ करतात, पण त्या ‘एच’चा अर्थ होल्स्टाइन, आणि होल्स्टाइन हा जर्मनीच्या उत्तरेचा मुलूख. म्हणजे माणसं पाठवायचा करार २०२४ सालचा असला तरी गोठ्यात जर्मन कधीच येऊन उभं होतं. बैलाच्या खांद्यावरचं ‘जू’ आणि जर्मनचं ‘योख’ हेही मुळात एकच. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले चुलतभाऊ.

जे ड्रायव्हर व्हायला निघालेत त्यांच्यासाठी एक क्रियापद वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहायला हवं : ‘उमफारेन’. ‘फारे’वर जोर दिला तर अर्थ होतो, वळसा घालून जाणे. ‘उम’वर जोर दिला तर अर्थ होतो, धडक देऊन आडवं करणे. रस्त्यात बैल बसलाय, मालक शेजारी उभा आहे, आणि शेजारच्याने ओरडून सांगितलं, “उमफारेन!” आता कान कुठे होता यावर बैलाचं आयुष्य. मराठीत ‘वळसा घाल’ आणि ‘उडव’ यांच्यात इतकी सुरक्षित दरी आहे की गोंधळ व्हायला दारूच लागते.

या सगळ्या भानगडीत ‘लागणे’चं काय झालं? त्याला जर्मनीत घर मिळालं नाही. पंधरा-वीस खोल्यांत त्याचे तुकडे ठेवावे लागले. पण गंमत पुढेच आहे. ज्याचं बिऱ्हाड हजारो मैलांवरच्या चुलत्याकडे झालं नाही, ते भिंतीला भिंत लागून असलेल्या परक्याच्या घरी आधीच मांडलेलं होतं.

जर्मन आणि मराठी दोन्ही एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. कन्नड दुसऱ्या कुळातली. पण देवणीहून बीदरकडे गेलं की आग ‘हत्तते’ : ‘बेंकी हत्तितु’. झोप ‘हत्तते’ : ‘निद्दी हत्तितु’. ‘हत्तु’ म्हणजे चिकटणे, चढणे, लागणे. आणि उत्तर कर्नाटकातला माणूस ‘मी करतोय’ याला ‘माडाक हत्तीनि’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘करायला लागलोय’. आता मामाचं ते पहिलं वाक्य पुन्हा कान देऊन ऐकावं : “काय करलालास रे?” नांदेडकडे हेच ‘करायलास’ होतं. पुण्याच्या माणसाला हा बोबडेपणा वाटतो. ऐकणाऱ्याने जरा थांबून ऐकलं तर ‘करू लागलास’ हे भरधाव बोलून ‘ग’ गिळल्यासारखं वाटतं. दखनीत ‘भूक लगी’, ‘आंख लगी’ आहेच. तेलुगूतही झोप आणि वेळ या दोन्ही गोष्टी ‘पट्टु’ या एकाच क्रियापदावर स्वार होतात. निजामाच्या राज्यात दरबार आधी फारसीचा नि मग उर्दूचा, घर मराठीचं, सोयरीक कन्नडची आणि व्यापार तेलुगूचा असं शतकानुशतकं चाललं. १९४८ साली ते राज्य गेलं, पण बाजारातली क्रियापदं उठली नाहीत. त्यांना दलाल लागला नव्हता. ती शेजारी बसून एकमेकांना लागली होती.

उलटा प्रवास केलेला माणूसही आहे, आणि तो नेमका त्या करारातल्याच राज्यातला. हायडेलबर्ग विद्यापीठातले ग्युंटर सोन्थायमर महाराष्ट्रात येऊन धनगरांच्या वाड्यांवर फिरले, बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबाच्या ओव्या आणि कथा गोळा केल्या, आणि १९७६ साली त्यांवर जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. हायडेलबर्ग बाडेन-वुटेनबर्गात येतं. ज्या खंडोबाच्या माळेगाव यात्रेत नांदेड-लातूरची गुरं विकायला येतात, त्याच दैवताची गोष्ट जर्मनमध्ये छापली गेली. सोन्थायमरांनी मराठी थेट धनगरांच्या तोंडून घेतली. पुढे १९८९ साली अॅन फेल्डहाउस यांनी त्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं. म्हणजे मेंढरामागे फिरणाऱ्या धनगराची मराठी आधी जर्मनमध्ये गेली आणि जर्मनमधून इंग्रजीत. त्या सौद्यात इंग्रजी दलाल नव्हती, गिऱ्हाईक होती.

तेव्हा लातूर-नांदेडकडच्या ज्या घरात सध्या कोणी पोरगा-पोरगी ‘डेर, डी, डास’ घोकत बसलीय, त्या घरच्यांना एवढंच सांगणं. वहीतले रकाने पुन्हा आखायला लावा. मराठी आणि जर्मन शेजारी शेजारी घ्या आणि इंग्रजी तिसऱ्या जागी सरकवा. ‘लागणे’साठी मात्र एक अख्खं पान सोडा, ते भरायला वेळ लागेल. आणि इंग्रजीला वहीतून अगदीच हाकलू नका. चहाचे पैसे द्यायला कोणीतरी लागतंच.